आई रुसली नव्हती

३ फेब्रुवारी

प्रिय चिंगी,

रविवारी संध्याकाळी आपण दोघी मागच्या पायरीवर बसून शाळेच्या कॅनव्हासच्या बुटांना पांढरा रंग लावायचो, ते तुला आठवतं का? तुझा एक बूट होईपर्यंत माझे दोन्ही झालेले असायचे, आणि शेवटी तुझा दुसराही मीच रंगवायचे. तुझ्या कोपरांना रंग लागायचा, फ्रॉकला लागायचा, एकदा तर भुवईला लागला होता. सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत सिस्टर एकेकीचे पाय बघत आल्या आणि तुझ्यापाशी थांबून ओठ दाबून हसल्या. आई आत स्वयंपाकघरात असायची. आपल्याकडे पाठ, नळ सोडलेला, शेगडीवर काहीतरी रटरटतंय. तू चवड्यांवर चालत फडताळापाशी जायचीस, नखाने बिस्किटांच्या डब्याचं झाकण उचलायचीस, आणि मागे वळूनही न बघता आई म्हणायची, "झाकण लाव."

आपल्याला वाटायचं, तिला पाठीला डोळे आहेत. डोळे नव्हते गं. कान होते.

हे पत्र मी रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगते. सिस्टर म्हणायच्या, राग आला की आधी कागदावर तारीख घाला, मग श्वास घ्या, मग लिहा. तारीख घातली आहे.

काल खालची शिवणवाली शिलाई अर्धी टाकून, गळ्यात टेप तशीच, माझ्याकडे वर आली. तिच्या फोनवर तुझं भाषण होतं. "ताई, ही तुमचीच बहीण ना? काय बोलते हो! माझ्या डोळ्यांत पाणी आलं." मी चष्मा लावला. मोठं सभागृह, तू पांढऱ्या कपड्यांत, टेबलावर तुझ्या तपकिरी बाटल्यांची रांग, आणि तुझ्या मागे भिंतभर आईचा फोटो. खिडकीकडे तोंड करून बसलेली आई. फोटोखाली लिहिलेलं: कडवटपणाकडून शांतीकडे.

तू म्हणालीस, "माझी आई माझ्याशी बोलत नसे. मी हाक मारली की ती तोंड फिरवायची. तिच्या मनात वर्षानुवर्षांचा रुसवा साठला होता. मग मी तिला कडवटपणासाठी विलो दिलं, अबोल्यासाठी वॉटर व्हायोलेट दिलं." फुलांच्या त्या थेंबांनी आईच्या मनाची गाठ कशी सुटली, ते तू सांगितलंस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई तर उभी राहिली.

शिवणवाली मला म्हणाली, "आजींना बघून वाटत नाही हो, इतक्या आतून कडू असतील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, चिंगे. आई त्या वेळी शेजारच्या खोलीत, दार उघडं टाकून, वाटाणे सोलत बसली होती. फोनचा आवाज शिवणवालीने पूर्ण मोठा केलेला. आणि तिने मान वर केली नाही.

का, ते तुला सांगते. गेल्या आठवड्यात मी तिला कानाच्या डॉक्टर बाईंकडे घेऊन गेले होते. त्यांनी तिला एका बंद खोलीत काचेपलीकडे बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बाहेरून बघत होते. आई परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी ताठ, अंगठा बटणावर तयार. डॉक्टर बाई इकडे आवाज वाढवत होत्या. अंगठा हलत नव्हता. आणखी वाढवला. ती आपली कधी डॉक्टर बाईंकडे, कधी माझ्याकडे बघून मान डोलावतेय, जणू म्हणतेय, करा सुरू, मी तयार आहे.

सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन लावून काढलेली बाई मी. पलीकडे कुणी आहे की नाही, हे श्वासावरून ओळखायची. त्या काचेबाहेर माझ्याच्याने उभं राहवेना.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "हे काही कालपरवाचं नाही. वर्षानुवर्षं हळूहळू गेलंय. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

मी काय सांगणार? धाकटीच्या लक्षात आलं होतं, आणि तिने त्यावर फुलं दिली?

आई रुसली नव्हती. आईला ऐकू येत नव्हतं. तू पाठीमागून हाक मारायचीस, ती वळायची नाही. तू म्हणायचीस, बघ, तोंड फिरवते. पाहुण्यांत ती गप्प बसायची. तू म्हणायचीस, बघ, किती गर्विष्ठ एकटेपणा. माझ्याकडे येऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा एका सकाळी किटली शेगडीवर शिट्टी फुंकून फुंकून बेजार झाली आणि आई तिच्याशेजारी उभी राहून शांतपणे पाव कापत होती. मला तेवढं पुरलं. तुझ्या घरात किटली नाही का गं?

आता तुझ्या त्या गोड आवाजाच्या मदतनिसीचा निरोप आला आहे, की वार्षिक संमेलनात लोकांना आईला प्रत्यक्ष बघायचं आहे, ताईंनी तिला घेऊन यावं, आणि नंतर आई पूर्वीसारखी तिकडेच राहील. तू स्वतः फोन उचलत नाहीस आणि मदतनिसीकडून आई मागवतेस!

आई येणार नाही. प्रदर्शनालाही नाही आणि राहायलाही नाही. आणि त्याच सभागृहात, त्याच लोकांसमोर उभी राहून तू सांगणार आहेस, की माझी चूक झाली, माझी आई कडवट नव्हती, बहिरी होती. ते सांगेपर्यंत माझ्या घराचं दार तुला बंद आहे.

तुझी
ताई

१७ फेब्रुवारी

चिंगी,

मी पत्राची वाट बघत होते. बाटली आली.

तुझं ते गोल अक्षर, आणि बाटलीवर चिठ्ठी: ताईसाठी. हॉली, बीच, हनीसकल. मीही तुझ्याबरोबर फुलांच्या औषधांचे ते वर्ग केले होते हे तू विसरलीस बहुतेक. हॉली रागीट आणि मत्सरी माणसांना. बीच दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्यांना. हनीसकल जुन्या आठवणींत अडकून पडणाऱ्यांना. म्हणजे मी पत्रात बुटांच्या रंगाची आठवण काढली, त्याचंही तू औषध पाठवलंस!

आणि सोबत कागदाच्या कपट्यावर चार ओळी. पहिलीच: "ताई, तुझ्या रागामागे एक दुखावलेलं मूल आहे." मूल नाही गं बाई. रागामागे दुखावलेली बाईच आहे, निवृत्त आहे, आणि तिला भांडायला भरपूर वेळ आहे.

तुझ्याशी भांडायची सोयच उरलेली नाही. ओरडलं की हॉली. शंका काढली की जेन्शियन. आपलं म्हणणं लावून धरलं की व्हाइन. आणि गप्प बसलं की वॉटर व्हायोलेट, ते तर आईच्या वाट्याला आलंच. मला सर्दी झाली आहे असं म्हटलं तर तू रुमाल देणार नाहीस, विचारशील, कुठलं रडू राहून गेलंय? अगं, माणसाला नुसतं काहीतरी होत असतं. दात दुखतो. चप्पल चावते. कान जातात. सगळ्याच्या मुळाशी मन कशाला असायला हवं?

मी फुलांच्या विरुद्ध नाही, हे तुला पक्कं माहीत आहे. तुझा संसार मोडला तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मी सूप घेऊन यायचे आणि गार झालेलं सूप परत न्यायचे. त्या वेळी त्या फुलांच्या बाई आल्या. खुर्ची ओढून तुझ्या उशाशी बसल्या आणि दुपारभर तुझं ऐकत राहिल्या. जाताना एक बाटली ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी तू उठून केस धुतलेस. थेंबांनी उठलीस की त्या दुपारने, ते मला माहीत नाही. तू उठलीस. मला तेवढं पुरे होतं, म्हणून तर मी तुझ्याबरोबर फुलं गोळा करायला टेकडीवर आले. काचेच्या भांड्यात पाणी, पाण्यावर फुलं, भांडं उन्हात. आपली सावली भांड्यावर पडू द्यायची नाही म्हणून आपण दोघी लांब उभ्या. तू कुजबुजत होतीस, जणू फुलं झोपली आहेत. किती सुंदर दिसत होतीस गं.

पण तेव्हा तू लोकांचं ऐकायचीस. आता तू माणूस दारातून आत येतानाच बाटलीला हात घालतेस. तुझ्याकडे आईला बघायला आले, त्या दिवशी काय दिसलं सांगू? तुझ्या बाहेरच्या खोलीत, वाट बघणाऱ्या अनोळखी लोकांमध्ये आई बसलेली, आणि मागे फळ्यावर इतरांच्या नावांखाली लिहिलेलं: आई – कडवटपणा. रोजच्या रोज, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर! मी फळा पुसला, त्यावरून तुझ्या फाटकाशी आपलं भांडण झालं, आणि मी तिला तिच्या बॅगेसकट घेऊन आले. आजही तेच करेन.

पुढे तू लिहितेस, "कानांचं काही असो. थेंब घेतले की आईचा चेहरा फुलायचा. ती माझ्याशी बोलायची, हसायची. हे मी स्वतः पाहिलंय, रोज पाहिलंय. ते तू कसं खोटं म्हणशील?"

म्हणेन. खुशाल म्हणेन. तुला जे बघायचं होतं ते तू बघितलंस. बहिऱ्या माणसाला फुलांचा अर्क पाजून तो खुलला म्हणणं म्हणजे आंधळ्याला अत्तर लावून त्याला दिसायला लागलं म्हणण्यासारखं आहे.

तुला खुलणं बघायचं असेल तर सोमवारी इथे असायला हवी होतीस. डॉक्टर बाईंनी आईच्या कानांत यंत्रं बसवली, वालाच्या दाण्याएवढी, आणि सुरू केली. आई दचकली. म्हणाली, "हे काय वाजतंय?"

मी म्हटलं, "काय?"

"हे. सर्र सर्र."

ती तिची स्वतःचीच बाही होती, टेबलावर घासत होती. तिने पुन्हा घासून बघितली. पुन्हा. मग कागद चुरगाळून बघितला. मग डॉक्टर बाईंना म्हणाली, "तुमचा आवाज किती तरुण आहे हो! मला वाटलं होतं, तुम्ही घोगऱ्या असाल."

घरी आल्यावर मात्र माझी हजेरी सुरू झाली. नळ असा का सोडतेस. दार असं का आपटतेस. "माझ्या चपला एवढ्या वाजतात? मग तुम्ही झोपायचात कशा?" रात्री जेवताना माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सिस्टरांनी तुला तोंड मिटून खायला शिकवलं नाही वाटतं." मी इतकी हसले की मला ठसका लागला. तर म्हणाली, "आता हे काय नवीन?"

खिडकीतला एक पक्षी तिला फार आवडलाय. रोज त्याच वेळी ओरडतो. मला तो कधी ऐकूच आला नव्हता.

तुझी बाटली मी फडताळात ठेवली आहे. घेणार नाही. माझा राग मला हवा आहे, तो मी नीट सांभाळून वापरते आहे. संमेलनाला माझं उत्तर अजूनही 'नाही' हेच आहे. आणि तू जे बोललीस त्यातलं आईला काही माहीत नाही. मी तिला ते कळू देणार नाही.

ताई

२ मार्च

चिंगी,

हे पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. आठवडाभर ठरवत होते.

आईने तुझं भाषण ऐकलं. मी दवाखान्यातून यंत्राच्या बॅटऱ्या आणायला गेले होते. आईला आता ऐकू येतं म्हणून शिवणवाली कौतुकाने वर आली आणि तिने फोन आईच्या हातात दिला. बिचारीला वाटलं, लेकीचं कौतुक ऐकून आजी खूश होतील. मी आले तेव्हा भाषण संपत होतं. टाळ्या वाजत होत्या. आई फोन दोन्ही हातांत धरून बसली होती, गरम कप धरावा तसा.

शिवणवालीला मी डोळ्यांनीच जायला सांगितलं. मग आईसमोर बसले आणि तोंडाचा पट्टा सोडला. तुझ्याबद्दल जे जे मनात होतं ते सगळं बोलले. आई ऐकून घेत होती. मला वाटलं, ती रडेल. मी रुमालही काढून ठेवला होता.

ती म्हणाली, "छान बोलली. शाळेत स्टेजवर गेली की हिची ततपप व्हायची."

"आई! तिने तुला सगळ्या गावासमोर कडवट म्हटलंय."

"ऐकलं मी. आता येतं मला ऐकू."

"तुला राग येत नाही?"

"येतो ना. फोटो कसला घेतलाय मेलीने. केससुद्धा विंचरू दिले नाहीत."

मी विचारलं, "तुला ऐकू येत नाही, हे तू तिला सांगितलं का नाहीस? एका वाक्याचं काम होतं."

तिने टेबलावरच्या मेणकापडाची घडी नीट केली. मग जे म्हणाली ते मी तिच्याच शब्दांत लिहिते. त्यातलं काही गाळावं असं मला फार वाटतंय, पण गाळत नाही.

"आधी मलाच कळलं नाही. मला वाटलं, तुम्ही सगळे हळू बोलायला लागलात. मग कळलं, तोवर चिंगीने ठरवून टाकलं होतं, मी रुसले आहे. म्हटलं, राहू दे. अगं, रुसलेल्या म्हातारीला लोक मनवायला येतात. बहिऱ्या म्हातारीशी लोक बोलणं सोडून देतात. मी माझ्या सासूचं बघितलंय. कोपऱ्यात बसायची, कुणी तिच्याकडे बघायचं नाही, काय सांगायचं तर खुणा करायचे. मला तसं व्हायचं नव्हतं."

मी म्हटलं, "आणि ते थेंब? उगाच गिळत राहिलीस?"

तर ती हसली. लाजल्यासारखी हसली, चिंगे. आई!

"उगाच नाही. दिवसातून चार वेळा यायची ती. कितीही माणसं बसलेली असू देत, त्यांना थांबवून यायची. माझ्यासमोर स्टुलावर बसायची. एका हाताने माझी हनुवटी धरायची, वर करायची, जीभ उचल म्हणायची. तिचं तोंड एवढं जवळ." आईने स्वतःच्या नाकासमोर तळहात धरून दाखवला. "एवढं जवळ आलं की मला थोडं ऐकू यायचं. उरलेलं ओठांवरून कळायचं. 'आई, आज बरं वाटतंय का? आई, रात्री झोप लागली?' दिवसभरात मला तेवढंच काय ते कळायचं. मी वाट बघत बसायची. पायांचा हादरा लागला की मी तोंड उघडून तयार."

काढून ठेवलेला रुमाल मी घडी घालून परत ठेवला.

"म्हणून तर मग बोलायची मी तिच्याशी. चेहरा फुलायचा म्हणते ती, फुलायचाच. खोटं नाही सांगत ती."

खरं सांगू? त्या क्षणी मला तुझा जितका राग आला तितका भाषण बघूनही आला नव्हता. सगळं चुकीचं करून तू बरोबर कशी काय निघतेस? तिची हनुवटी रोज चार वेळा तुझ्या हातात. तुझं नाक तिच्या नाकापाशी. आणि तुला एकदाही, एकदाही दिसलं नाही, की ही बाई आपल्या ओठांकडे बघते आहे? डोळ्यांकडे नाही, ओठांकडे! तू त्या थेंबांकडे बघत होतीस. ड्रॉपरमधून बरोबर चार पडताहेत ना, तीन नाहीत ना, पाच नाहीत ना.

मी हे आईला असंच बोलून दाखवलं. म्हटलं, "आणि मी? किटलीवरून कुणी ओळखलं? डॉक्टरकडे कोण घेऊन गेलं? तुझ्याशी रोज खणखणीत आवाजात कोण बोलत होतं?"

"तू चांगली आहेस," आई म्हणाली. "तुझ्यामुळे ऐकू येतं मला. पण तू लांबून बोलतेस गं. स्वयंपाकघरातून, जिन्यातून. अगदी स्पष्ट बोलतेस, शब्द न् शब्द. फोनवर बोलल्यासारखी."

त्यानंतर मी भांडी घासायला घेतली. आवाज होऊ न देता.

तुला वाटेल, ताई नमली. ताई नमलेली नाही. तू एका बहिऱ्या बाईला कडवट ठरवून तिचा फोटो भिंतीवर लावलास आणि टाळ्या घेतल्यास, हे तसंच उभं आहे. तिला आवडायचं म्हणून ते बरोबर ठरत नाही. पण मी तुला लिहिलं होतं की तिचं खुलणं खोटं आहे. ते खोटं नव्हतं, म्हणून हे पत्र. सिस्टरांनी मला एवढं तरी शिकवलं होतं.

ताई

११ मार्च

प्रिय चिंगी,

काल सकाळी तुझा फोन आला आणि मी काही बोलायच्या आत आईने माझ्या हातातून घेतला. तू पलीकडे नुसती रडत होतीस, हे मला कळत होतं. आई म्हणत होती, "अगं, रडू नको, यंत्रात शिट्टी वाजते." मग दार लावून घेतलं. माझ्याच घरात, माझ्याच तोंडावर.

बाहेर आली ती ठरवूनच. संमेलनाला ती येणार आहे आणि नंतर तुझ्याकडे राहणार आहे. मी म्हटलं, तू पाहुणी म्हणून जातेस की नमुना म्हणून? ती म्हणाली, मी आई म्हणून जाते, आणि बोलणार मी आहे, ती नाही. काय बोलणार, ते मला सांगत नाही. आरशासमोर उभी राहून पाठ करते आणि मी आले की गप्प होते. एक वाक्य तेवढं माझ्या कानावर पडलं: "माझ्या मुलीने निदान चुकीचं केलं, पण औषध दिलं ते—" पुढे मी ऐकलं नाही. मला ऐकायचंही नव्हतं.

मी तिला पुष्कळ समजावलं. इथे डॉक्टर बाई जवळ आहेत. इथे जिना आहे खरा, पण ती चढते. इथे शांत आहे. "फार शांत आहे," आई म्हणाली. "आता मला ऐकू येतं. तिकडे माणसं येतात, रडतात, बोलतात. मला सगळं ऐकायचंय. चिंगी काय सांगते लोकांना तेही मला बघायचंय. तिला कुणीतरी लगाम घालायला नको?"

तुला लगाम घालायचा म्हणजे मीच जिंकले, असं आईचं म्हणणं.

तर शनिवारी सकाळच्या गाडीने मी तिला घेऊन येते. फाटकापर्यंत. आत यायचं की नाही ते फाटकाशी ठरवेन. तो फळा मला तिथे दिसता कामा नये. कुणाच्याही नावाने.

कुणाला काय द्यायचं, ते आईने काल रात्री पलंगावर सगळं पसरून ठरवलं. मी लिहून घेतलं, ते असं.

लोकरीचे गुंडे आणि सगळ्या सुया शिवणवालीला. तिने तो फोन दाखवला म्हणून आई तिच्यावर खूश आहे. मी नाही, पण गुंडे तिलाच.

आईचा जाड कोट डॉक्टर बाईंच्या दवाखान्यातल्या आयाला. ती बाई थंडीत कुडकुडत दार उघडते, असं आईचं म्हणणं.

बाबांचं हातातलं घड्याळ तुला. ते बंद आहे, पण आई म्हणते की किल्ली दिली तर चालेल, आणि आता टिकटिक ऐकू येईल म्हणून तिच्या उशाशी ठेवायचं.

यंत्राच्या बॅटऱ्या तुझ्याकडे, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. ओल्या हाताने बदलायच्या नाहीत. लहान ब्रश आहे, त्याने रोज साफ करायचं. संमेलनात तुझ्या मदतनिसीने माईक आईच्या कानाजवळ नेऊ नये, तोंडाजवळ धरावा. फोटो काढायचा असेल तर आधी कंगवा द्यावा.

डॉक्टर बाईंची चिठ्ठी तुमच्या तिकडच्या डॉक्टरांना. थेट त्यांच्या हातात. तुझ्या हातात नव्हे.

जुना रेडिओ मला. मी मागितला नव्हता. आई म्हणाली, "ताईकडे राहू दे, घरात आवाज असू दे." तो कुठलंच स्टेशन धड पकडत नाही, खरखर करतो. ठेवला आहे.

तिचा पलंग कुणालाही द्यायचा नाही. शिवणवालीने तिच्या भाचीसाठी विचारलं होतं, मी नाही म्हटलं. तो आहे तिथेच राहील.

आणि आई तुला.

कान आता आले आहेत म्हणून लांबून हाक मारायला लागू नकोस. स्टूल ओढ, समोर बस, हनुवटी धर. बाटलीत नुसतं पाणी असलं तरी चालेल. वेळा चुकवू नकोस.

ताई